लाईन गेल्यावर ऐकू येणारं घर

काल गच्चीवरून कूलर खाली आणला. कूलर खाली आणणं हा आमच्या अमरावतीतला एक सण आहे आणि कुठलाही कॅलेंडरवाला तो छापत नाही, याचा मी इथे जाहीर निषेध करते. बाबा एका बाजूने, मी दुसऱ्या बाजूने, जिन्याच्या वळणावर "तिरपा घे, अजून तिरपा," आणि खालून आईची घोषणा, "भिंतीले लागला तर दोघंही बाहेर झोपसान!" टाकीत मागच्या उन्हाळ्याच्या क्षाराचे पांढरे नकाशे, जुन्या गवताचा भुगा नाकात, हाताला गंज. मग गवताच्या नवीन ताट्या बसवायच्या, पंपाला दोन चापट्या मारायच्या आणि पहिलं पाणी झिरपलं की जो वास सुटतो त्यासाठी अत्तरवाल्यांनी आपली दुकानं बंद करावीत. ओलं गवत, थोडा गंज, थोडी माती. बटण दाबलं की कूलर घरभर घर्र करत सुटतो. पाच मिनिटं आवाज होतो, टीव्ही ऐकू येत नाही, सगळे ओरडून बोलतात.

सहाव्या मिनिटाला तो आवाज कुणालाच ऐकू येईनासा होतो.

या एवढ्या गोष्टीवर आम्ही एकदा भुताचा पिक्चर काढला होता. कूलरची पहिली हवा तोंडावर आली की मला दरवर्षी तो उन्हाळा आठवतो. आठवला की मी एकटीच हसत बसते आणि आई विचारते, "काय झालं बाप्पा हिले?"

आधी माझी भूमिका स्पष्ट करते, कारण भूमिका स्पष्ट केल्याशिवाय मला लिहिता येत नाही. मी पत्रकं लिहिते. नळाला पाणी नाही, मुलींच्या वसतिगृहाला कुंपण नाही, एसटीच्या थांब्याला सावली नाही; पत्रक. अंगात येणं, करणी, उतारा, भूत, याच्याविरुद्ध तर मी इतकी पत्रकं लिहिली की राजकमल चौकातला झेरॉक्सवाला मला पाहताच विचारायचा, "आज पाणी की भूत?" भुताच्या पिक्चरांवर माझा विशेष राग. पिक्चरात भूत नेहमी बाईच काहून असते? तिने पांढरीच साडी काहून नेसायची? आपल्याकडे पांढरी साडी कोणाच्या अंगावर चढवत होते ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे नवरा गेलेली बाई घरात एकटी राहते, एवढंच काय ते भीतीचं कारण. आणि यावर टाळ्या पडतात, तिकिटं विकली जातात! तर अशी मी, त्या उन्हाळ्यात भुताच्या पिक्चरची हिरॉईन झाले. हो. मीच.

झालं असं की माझी नलूआत्या अकोल्यात एकटी राहत होती. आयुष्यभर तेल्हाऱ्याला जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवलं, निवृत्त झाल्यावर तिने आणि काकांनी अकोल्यात एका लेआउटमध्ये प्लॉट घेऊन स्लॅबचं लहानसं घर बांधलं. मोझॅकची फरशी, सिमेंटची जाळी, बाहेरून लोखंडी जिना, गेटाजवळ कढीलिंब. तिथे आत्या गल्लीतल्या पोरांची शिकवणी घ्यायची. फळा आतल्या खोलीत. मग काका गेले. तेरा दिवस शिकवणी बंद राहिली ती राहिलीच. पोरं परत आली नाहीत. आम्हाला आधी वाटलं, लोक दुःखाचा मान ठेवतात. कशाचा मान? गल्लीत बातमी फिरत होती की बाईच्या घरात काहीतरी आहे. भर दुपारी आतल्या खोलीतून ती कुणाला तरी शिकवते. घरात तर कुणीच नसतं.

हे मला कळलं तेव्हा मी अमरावतीहून पहिल्या एसटीने अकोल्याला गेले आणि एसटीतच पत्रक लिहून काढलं. मथळा: "एकट्या बाईचं घर म्हणजे भुताचं घर नव्हे!" तीन परिच्छेद, खाली चार मागण्या. आत्याने ते चष्मा लावून वाचलं, दोन ठिकाणी विरामचिन्हं दुरुस्त केली आणि घडी घालून मिक्सरखाली ठेवलं, कारण मिक्सर डुगडुगत होता.

"वाटायचं नाई हे," ती म्हणाली.

"काहून?"

"ज्याले मालूम नाई त्यालेबी मालूम होईन. तू माह्या दारावर भुताची जाहिरात लावून राहिली, अश्विनी."

"मग काय गप बसायचं? तू खरंच बोलतेस का दुपारी?"

"बोलतो ना." तिने अगदी साधेपणाने सांगितलं. "दुपारी दोन ते चार शिकवणीचा टाइम. तेवढ्या वेळात मले झोपच येत नाई. मंग फळा पुसतो, पाढा घेतो. मीच विचारतो, मीच सांगतो. जिभीले सवय हाय. पोरं नाईत तर काय पाढे सोडून देऊ?"

मग ती फळ्याच्या खोलीकडे पाहत म्हणाली, "मले दुसरं काई नाई पायजे. पोरं पायजेत घरात. गेट वाजलं पायजे."

आता पिक्चर काढणाऱ्याबद्दल. चेतन माझा कॉलेजातला मित्र, मूळचा तेल्हाऱ्याचा, लग्नाच्या शूटिंगवाला. सिनेमा काढायचा ध्यास त्याला पहिल्यापासून. त्या मे महिन्यात मध्येच तिथी नव्हती, लग्नं थांबली होती आणि त्याचा कॅमेरा रिकामा होता. "मुहूर्त नाई तवरक भूत काढतो," असं त्याने मला फोनवर सांगितलं. मी त्याला पंधरा मिनिटं झापलं. भूत या कल्पनेचं राजकारण सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता, मध्ये मध्ये समोसा खाल्ल्याचा आवाज येत होता. शेवटी तो म्हणाला, "बरं झालं बोलली. फक्त एक घर सुचव ना. फुकटचं. भेव वाटलं पायजे असं."

माझ्या तोंडून आत्याच्या घराची हकिगत निघाली ती रागाच्या भरात, तक्रार म्हणून. त्याने ती लोकेशन म्हणून ऐकली. दुसऱ्या दिवशी तो गेटाशी हजर! आत्याने दार उघडलं, त्याला नखशिखांत पाहिलं आणि विचारलं, "तेरा साते?"

तेल्हाऱ्याच्या शाळेत तिसऱ्या बाकावर बसायचा तो. बाईंनी वीस वर्षांनी ओळखला. चेतनचा चेहरा आठ वर्षांचा झाला. "बाई... त्र्याण्णव?"

"जा. बाहीर उभा राय."

तो खरंच दोन मिनिटं बाहेर उन्हात उभा राहिला. मग आत येऊन त्याने पिक्चरचं विचारलं. मला वाटलं आत्या त्याला पुन्हा बाहेर काढेल. आत्याने चहा टाकला आणि म्हणाली, "काढ. एकच अट हाय. झाल्यावर पिक्चर इथंच दाखवायचा. माह्या घरात, गेटाच्या आत. सगळ्या गल्लीले. पोरं घेऊन."

पत्रकाने भुताची जाहिरात होते आणि पिक्चरने होत नाही, हे कसं काय, असं मी तिला विचारलं. तिने उत्तर दिलं नाही. ती उत्तर देत नसतेच. ही तिची शिकवण्याची रीत, पण तेव्हा मला नुसता राग आला होता.

मोठ्या पिक्चरातली भुतांची घरं कधी नीट पाहिलीत का? दोन्ही बाजूंनी वळणारा जिना, झुंबर, बाहेर धुकं, डोंगर. एवढ्या मोठ्या घरात भूत नसेल तर ते झाडेल कोण? मला तर अशा घरात भीती वाटायच्या आधी घरपट्टी आठवते. आमच्याकडे झुंबर नव्हतं, ट्यूबलाइट होती. धुकं नव्हतं, अकोल्याची मे महिन्यातली धूळ होती. रात्रीचं शूटिंग करायला फोकस लागतात. चेतनचे फोकस दुसऱ्या शूटिंगवाल्याने नेले होते, ते परत येईनात. म्हणून दिवसा शूटिंग. दिवसाचं भूत! मी हसले. मग दुपारी एक वाजता गेटाबाहेर येऊन उभी राहिले आणि हसू थांबलं.

ज्यांनी अकोल्याची मे महिन्यातली दुपार पाहिली नाही त्यांना कसं सांगू? रात्री आमच्याकडे भीती नसतेच. रात्री तर सगळं गाव गच्चीवर असतं, पाणी शिंपडलेल्या गच्च्या, गाद्या, रेडिओ, या गच्चीवरून त्या गच्चीवर गप्पा. भीतीची वेळ दुपारची. गल्ली इकडून तिकडे पांढरी. कुत्रं नाही, सायकल नाही. सावली पायाखाली शिरून बसलेली. सगळी दारं बंद, खिडक्यांना चादरी, आणि प्रत्येक घरातून कूलरचा तो घर्र आवाज, जो कुणालाच ऐकू येत नाही. समोरच्या सविता वहिनींच्या ओट्यावर चादरीवर कुरड्या वाळत होत्या, पांढऱ्या, गुंडाळ्या गुंडाळ्यांच्या. तेवढंच काय ते गल्लीतलं जिवंत दिसणारं. चेतनने त्या कुरड्यांचाच मोठ्ठा शॉट घेतला. "हे कशाला?" मी विचारलं. "पाहा तू," तो म्हणाला.

गोष्ट साधी होती. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी एका घरात खोली भाड्याने घेते. त्या घरात काहीतरी आहे. मुलगी म्हणजे मी, कारण दुसरं कुणी येईना. जिला विचारलं तिची आई गेटावरून पाहून परत घेऊन गेली. तीन दिवस आम्ही मन लावून काम केलं. मी पुस्तक उघडून बसले, दचकले, पाणी प्यायले, पुन्हा दचकले. दचकणं हे इतकं कष्टाचं काम आहे हे कुठल्याही पत्रकात लिहिलेलं नाही. आत्या मध्ये मध्ये येऊन बघायची. "दचकतानी खांदे काहून उचलते? तू दचकून राहिली का थंडी वाजून राहिली?"

चौथ्या दिवशी चेतनने सगळं लॅपटॉपवर लावलं. पहिली मजा अशी की त्याच्या मशीनमध्ये लग्नाची सवय होती. एक शॉट संपून दुसरा सुरू होताना मधूनच गुलाबी बदाम उघडायचा. मी भयभीत होऊन आतल्या खोलीकडे बघते आणि ती खोली बदामातून उमलते! आत्या इतकी हसली की तिला ठसका लागला. काका गेल्यापासून तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. मी पाठीवर थाप मारत होते आणि ती म्हणत होती, "राहू दे, राहू दे तो बदाम."

दुसरी गोष्ट मात्र हसण्यासारखी नव्हती. तीन दिवसांच्या एकाही शॉटमध्ये माझं वाक्य ऐकू येत नव्हतं. घर्र. नुसतं घर्र. कूलर! आम्ही तीन दिवस कूलर सुरू ठेवून शूटिंग केलं होतं आणि तिघांपैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही की तो बंद करावा. बाहेरचा कुणी माणूस असता तर पहिल्या मिनिटाला म्हणाला असता. आम्हाला तो ऐकूच येत नव्हता. मे महिन्यात कूलर बंद करायचा असतो, ही कल्पनाच वऱ्हाडातल्या माणसाच्या मेंदूत बसत नाही. चेतन डोकं धरून बसला. "तीन दिवस गेले बे माहे. लग्नात कसं, बँडच्या आवाजात कोन बोलते कोनाले पडली नसते."

तेवढ्यात, म्हणजे लॅपटॉपवर, लाईन गेली.

आमच्याकडे वीज जात नाही, लाईन जाते. दुसऱ्या दिवशीच्या शूटिंगमध्ये दुपारी अडीचला लाईन गेली होती आणि कॅमेरा तसाच सुरू राहिला होता. पडद्यावर मी पुस्तक वाचतेय. घर्र... आणि मग कूलर सुस्कारा टाकत हळूहळू थांबतो. आमचाच नाही. शेजारचा. पलीकडचा. सविता वहिनींचा. एकामागून एक अख्ख्या गल्लीचे कूलर थांबतात. शेवटी ताटीवरून टाकीत पडणारं पाणी. टप. टप. त्या शांततेत मी नुसती मान वर करते. अभिनय वगैरे काही नाही, मी पंख्याकडे पाहत होते. आणि माझ्या हातावर, लॅपटॉपसमोर बसलेल्या माझ्या हातावर, काटा आला. चेतनकडे पाहिलं, तोही आपला दंड चोळत होता.

आणि मग त्या शांततेत, आतल्या खोलीतून, आत्याचा आवाज. ती शूटिंगला कंटाळून आत गेली होती आणि तिची वेळ झाली होती.

"तेर चोक? ...बावन्न. तेरा पाचे? ...पासष्ट."

आम्ही तिघं एकमेकांकडे पाहायला लागलो. आत्याच पहिल्यांदा बोलली, अगदी हळू. "असं ऐकू येते काय ते बाहीर?"

म्हणजे हे होतं ते भूत. आत्या रोजच बोलायची. रोज तिचा आवाज गल्लीच्या कूलरांखाली बुडून जायचा. लाईन गेली की सगळी गल्ली एकदम बहिरेपणातून बाहेर यायची, घामाने जागी होऊन पडून राहायची, आणि तेवढ्यात त्या बंद घरातून एक बाई कुणाला तरी प्रश्न विचारत असायची. उत्तरही तीच देत होती. मी सविता वहिनींच्या जागी असते तर मीसुद्धा खिडकी लावून घेतली असती. हे मला मान्य करायला फार जड गेलं. पण लोक खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच ऐकू आलं होतं. फक्त कुणी उठून गेट वाजवून विचारलं नव्हतं, "बाई, कोनाले शिकवून राहिल्या?" माझा राग तिथे आहे, आणि तो मी अजून सोडलेला नाही.

मग आम्ही पिक्चर पहिल्यापासून काढला. यावेळी कूलर मुद्दाम सुरू. बोलणं जवळजवळ नाहीच. घर्र चालू आहे तोवर काही होत नाही, नुसता संसार दिसतो: ओट्यावरच्या कुरड्या, वाळत घातलेले शाळेचे मोजे, गेटाची कडी, स्टीलच्या पेल्यावर जमलेला घाम. आणि जे काय होतं ते कूलर थांबतो तेव्हाच. पांढरी साडी नाही, मोकळे केस नाहीत, भूत एकदाही दिसत नाही. दाखवायला आमच्याकडे काही नव्हतंच. पण खरं सांगते, असतं तरी दाखवू नये. ज्या घरात आपण रोज पाणी पितो त्या घरातली एक ओळखीची गोष्ट थांबली, की बाकीचं काम बघणारा स्वतः करतो. फुकट करतो. त्याच्या डोक्यातल्या भुताच्या मेकअपला आपल्याला हात लावावा लागत नाही.

शेवटावरून मात्र भांडण झालं. मला शेवटी खुलासा पाहिजे होता. मुलगी कॅमेऱ्याकडे पाहून सांगते की भूत नसतं, एकटी बाई असते, आणि समाजाने वगैरे. सव्वा पानाचं भाषण मी लिहून आणलं होतं. चेतन म्हणाला, "यानं पिक्चर मरते." मी म्हणाले, "मरू दे, सत्य तर वाचेल!" आत्या तांदूळ निवडत होती.

"वाचून दाखव," ती म्हणाली. मी वाचलं. जोशात वाचलं.

"हे तर पत्रक झालं," ती म्हणाली. "मी पोराईले गणित घालो ना, तर उत्तर कधी सांगत नव्हती. फळ्यावर लिहून ठेवायची अन् चहा प्यायले जायची. उत्तर सांगतलं की पोरगं पाटी ठेवून देते. नाई सांगतलं की घरी घेऊन जाते संगं."

"पण लोक घरी चुकीचं उत्तर घेऊन गेले तर?"

"मंग दुसऱ्या दिवशी विचारायले येतीन ना. यायले तर पायजेत!"

म्हणून शेवट असा ठरला: मुलगी आतल्या खोलीच्या दाराशी येते. खोली रिकामी, फळा कोरा. आवाज विचारतो, "तेरा साते?" आणि अंधार. एवढंच. मी हरले आणि भाषण मिक्सरखाली गेलं. मिक्सर आता अगदी स्थिर आहे.

दाखवायचा दिवस आला. ऊन उतरल्यावर, दिवेलागणीला, आवारात भिंतीला पांढरी चादर ठोकली. आत्याने कैरीचं पन्हं केलं, परातभर कच्चा चिवडा कालवला, सतरंज्या टाकल्या. सकाळपासून तिने गेटाच्या कडीला तीनदा तेल घातलं. चेतनने घरोघरी सांगितलं होतं, "तुमचं गेट हाय पिक्चरमध्ये, या." आणि लोक आले. आले, आणि रस्त्यावर उभे राहिले. गेटाच्या बाहेर. पोरांच्या मनगटांना आयांचे हात. आत चार सतरंज्या मोकळ्या आणि मध्ये आत्या, इस्त्रीची साडी, हातात पन्ह्याचा जग. मला वाटलं आता तोंड उघडावं, घोषणा द्यावी, दोन शब्द सुनवावेत. तोंड उघडलंही होतं.

चेतनने तोवर आवारात कूलर आणून ठेवला आणि त्याचं तोंड गेटाकडे करून सुरू केला.

दिवसभर तापलेल्या डांबरावर उभ्या असलेल्या त्या लोकांच्या पोटऱ्यांना ती ओली, गवताच्या वासाची हवा लागली. आधी कुणीच हललं नाही. मग सविता वहिनींनी पदराने मान पुसली, मागे उभ्या नवऱ्याकडे पाहिलं आणि मोठ्याने म्हणाल्या, "तुमी राहा उभे. भूत गेलं खड्ड्यात, हवा तिकडं हाय!" आणि दोन्ही पोरांना घेऊन सरळ आत येऊन कूलरसमोर बसल्या. त्यांच्यामागे सगळे. गेट वाजतच राहिलं. आत्या पन्ह्याचे पेले भरायला लागली.

पिक्चर सुरू झाला. "अव्वो, माही चादर!" वहिनी ओरडल्या. "पाहा ना, कुरड्या पाहा कशा दिसून राहिल्या!" ज्याचं त्याचं गेट आलं की टाळ्या. चेतन मला कोपराने ढोसत होता, म्हणजे बघ, म्हणून घेतला होता शॉट. आपलं गेट ज्याने पडद्यावर पाहिलं, त्याच्या मनात त्या पडद्यात काय होईल याची काळजी सुरू होते. परक्या डोंगरावरच्या बंगल्याची काळजी कोण करतो?

माझं एक काम राहिलं होतं. चेतनची युक्ती: पडद्यावर कूलर थांबेल त्याच क्षणी आवारातला खरा कूलर बंद करायचा. तर मी, भुताविरुद्ध पत्रकं वाटत फिरलेली मी, अंधारात कूलरमागे उकिडवी बसून बटणावर बोट ठेवून लोकांना घाबरवण्याची वाट पाहत होते, आणि आयुष्यात इतका आनंद मला क्वचित झाला असेल. तत्त्वांचं काय ते नंतर बघू!

पडद्यावर घर्र थांबलं. मी बटण दाबलं.

आवारातली हवा गेली. चिवड्याचा कुरकुर आवाज थांबला. टाकीत पाणी पडलं, टप, आणि ते पडद्यातलं होतं की इथलं, हे मलाही कळेना. कुणाची तरी "आई गं" इतकी बारीक निघाली. मुलगी दाराशी आली. रिकामी खोली. कोरा फळा. आवाज आला, अगदी शांत, "तेरा साते?"

आणि अंधार.

मी किंकाळीची वाट पाहत होते. किंकाळी आली नाही. नुसती शांतता, एक श्वास, दोन श्वास. मग पुढच्या सतरंजीवरून, सविता वहिनींच्या धाकटीचा आवाज, जरा दबका, पण वर्गात बोट वर करतात तसा.

"एक्क्याण्णव?"

लगेच दुसऱ्याने पक्कं केलं, "एक्क्याण्णव!" तिसऱ्याने आणखी मोठ्याने. चेतन माझ्या कानाशी पुटपुटला, "एक्क्याण्णव हाय काय ते?" आणि तेवढ्यात, पडद्यातून नाही, खऱ्या अंधारातून, सगळ्यांच्या मागून, आत्याचा खणखणीत आवाज आला:

"शाबास! तेरा आठे?"

आता मात्र किंकाळी फुटली. आया किंचाळल्या, पन्ह्याचे पेले लवंडले, सविता वहिनींचे यजमान उठून चपला शोधायला लागले. आणि त्या सगळ्या गोंधळाच्या वरून, सतरंजीवर उड्या मारत, पोरं एका सुरात ओरडली, "एकशे चार!" मग हसू आलं. कुठून सुरू झालं माहीत नाही, पण सगळं आवार हसत होतं. वहिनी डोळे पुसत म्हणत होत्या, "बाई, तुमी होत्या काय वो ते? दुपारच्या?" आणि आत्या म्हणत होती, "मंग कोन? या घरात दुसऱ्या कोनाले येते तेराचा पाढा?" कुणीतरी ओरडलं, कूलर लावा बे आता! मी लावला.

पिक्चर कुठे गाजला नाही. चेतनने तो एकदोन ठिकाणी पाठवला, तिकडून "आवाज सुधारा, मागे कूलर ऐकू येतो" असं उत्तर आलं. आम्ही ते वाचून पोट धरून हसलो. सोमवारी दुपारी दोन वाजता गेट वाजलं ते मात्र मी स्वतः ऐकलं. सविता वहिनींची दोन्ही पोरं, पाटीऐवजी वही, आणि मागे कोपऱ्यावरच्या घरातली आणखी तीन. आत्याने दार उघडून "आत या" असंही म्हटलं नाही. सरळ पाढा विचारला.

आता त्या घराला गल्लीत भुताचं घर म्हणत नाहीत. पिक्चरवालं घर म्हणतात. रिक्षावाल्याला तेवढं सांगितलं की तो बरोबर कढीलिंबाशी आणून सोडतो. पत्रकं मी अजूनही लिहिते, तशीच रागाने, आणि लिहीतच राहणार. फक्त शेवटचा परिच्छेद लिहिताना हात जरा थांबतो. कधी कधी मी तिथे नुसता प्रश्न ठेवते आणि चहा प्यायला जाते.

काल कूलर सुरू झाल्यावर आत्याला फोन लावला. अडीच वाजले असतील. "आमचा बसला कूलर," मी ओरडून सांगितलं. "आमचा कवाचाच बसला," ती तिकडून ओरडली. तिच्यामागे घर्र, माझ्यामागे घर्र, दोघींनाही काही कळत नव्हतं. आणि बोलता बोलता तिकडे लाईन गेली. मला फोनमधून ऐकू आलं: तिचा कूलर थांबला, मग शेजारचा, मग पलीकडचा. अख्खी गल्ली गप्प झाली. आणि त्या शांततेत पंधरा-वीस पोरांचा कालवा उसळून वर आला. कुणी पेन्सिल मागत होतं, कुणी कुणाला ढकलत होतं, कुणी "बाई, हा पाहून लिहून राहिला!" म्हणून ओरडत होतं.

"ऐकू येते काय?" आत्याने विचारलं.

"येतं."

"साऱ्या गल्लीले येऊन राहिलं असन," ती म्हणाली आणि तिच्या आवाजात हसू मावत नव्हतं. "बरं, तू आली लायनीवर तर सांग. तेरा नव्वे?"

मी बोटं मोजायला लागले. माझं व्हायच्या आत तिकडून सगळी खोली उत्तर देऊन मोकळी झाली.